एकच जिझेल, दोन संच

बाळा,

जिझेल या बॅलेची दोन तिकिटं काढणार आहेस, तीही दोन वेगळ्या संचांची, हे ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या आजीला अजून पटलेलं नाही. तीच गोष्ट, तेच संगीत, तीच पावलं, मग पुन्हा पैसे कशाला, असं तिचं म्हणणं. तिला आठवण करून दे की नटसम्राट तिने डॉक्टर लागूंचंही पाहिलंय आणि दत्ता भटांचंही, आणि विषय निघाला की दोघांचे बेलवलकर कुठे वेगळे पडायचे ते ती अजून जेवण थांबवून सांगते. लागूंमुळे तिला भट जास्त कळले, भटांमुळे लागू. तुला लंडनला कॉव्हेंट गार्डनच्या थिएटरात हेच करायचंय.

गोष्ट थोडक्यात, म्हणजे नावांत अडकायला नको. जिझेल ही खेड्यातली, नाचाची वेडी, हृदयाने अशक्त मुलगी. तिच्यावर प्रेम करणारा लॉइस हा खरा तर वेश पालटून आलेला उमराव अल्ब्रेख्त, आणि त्याचं लग्न बातिल्ड नावाच्या उमरावकन्येशी ठरलेलं. रानरखवालदार हिलारियन त्याचं बिंग फोडतो, जिझेलला वेड लागतं आणि ती मरते. दुसऱ्या अंकात ती विलींमध्ये जाते, म्हणजे लग्नाआधी फसवणुकीने मेलेल्या मुलींच्या आत्म्यांमध्ये. त्यांची राणी मिर्था रात्री सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवते. हिलारियन मरतो, अल्ब्रेख्तला जिझेल पहाटेपर्यंत तगवते. अडॉल्फ आदामचं संगीत, कोराली आणि पेरो यांची नृत्यरचना, आणि पहिला प्रयोग पॅरिसमध्ये २८ जून १८४१ला. पहिली जिझेल कार्लोटा ग्रिझी. त्याच दिवशी तिला बावीस वर्षं पूर्ण झाली होती.

आता कानमंत्र. क्रमाने वाच, पण सगळे एकाच संध्याकाळी अमलात आणायला जाऊ नकोस.

१. तारीख ठरवण्याआधी संच बघ, आणि जिझेलचं नाव वाचून पान मिटू नकोस — अल्ब्रेख्त, हिलारियन आणि मिर्था कोण आहेत यावर त्या जिझेलची अर्धी संध्याकाळ ठरते.

२. ऐनवेळी नाव बदललं तर तोंड पाडू नकोस — घोटा दुखावला की आदल्या दिवशीही संच बदलतो, आणि बदली आलेली मुलगी ती भूमिका महिनोन् महिने तालमीत घोटत बसलेली असते. माझी एक म्हण आहे: नाव वाचायला बसलं की नाच वाचायचा राहतो.

३. एक तिकीट शनिवारच्या दुपारचं असलं तर उत्तम — भूमिकेत पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या तरुण जोड्या पुष्कळदा दुपारच्या प्रयोगात दिसतात. कसलेल्या जोडीने सहज करून टाकलेली अवघड जागा त्यांच्यात उघडी दिसते, आणि ती अवघड आहे हे तुला तिथेच कळतं.

४. दोन्ही प्रयोग एकाच निर्मितीचे हवेत. रॉयल बॅलेची जिझेल पीटर राइट यांनी १९८५मध्ये उभी केलेली, नेपथ्य जॉन मॅकफार्लन यांचं — निर्मितीच बदलली तर फरक नर्तिकेचा की दिग्दर्शकाचा, हे सांगता येत नाही.

५. मॅट्स एकची १९८२ची जिझेल किंवा कथकमध्ये घडलेल्या अक्रम खानने इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी २०१६मध्ये केलेली जिझेल जरूर बघ, पण या हिशोबात धरू नकोस — पहिलीत दुसरा अंक वेड्यांच्या इस्पितळात घडतो, दुसरीत कपड्यांच्या कारखान्यातले स्थलांतरित मजूर आहेत. त्या वेगळ्या कलाकृती आहेत.

६. दोन प्रयोगांत आठवडाभर तरी जाऊ दे, पण महिना नको — दुसऱ्याच दिवशी गेलीस तर पहिली जिझेल डोळ्यांपुढून हलत नाही, आणि महिन्याने गेलीस तर आठवण स्वतःच्या मनाने भर घालू लागते.

७. दोन्ही वेळा शक्यतो सारख्या उंचीवरची जागा घे. वर अँफिथिएटरमधून विलींच्या रांगांची नक्षी दिसते, खाली स्टॉल्समधून चेहरे आणि पावलं — एकदा वरून आणि एकदा खालून पाहिलंस तर तू दोन खुर्च्यांची तुलना करशील.

८. महाग जागा परवडत नसेल तर उभ्याची तिकिटं असतात, ती घे, आणि पायात जुने, सवयीचे बूट घाल — टाचा दुखायला लागल्या की माणूस दुसऱ्या अंकावर उगाच रागावतो.

९. वर बसलीस तर पाठ टेकूनच बस — पुढे वाकलेल्या एका माणसामुळे मागच्याचा अख्खा रंगमंच जातो, आणि तो बिचारा काही बोलतही नाही.

१०. छोटी दुर्बीण ने, पण ती मूकाभिनयापुरती — दुर्बिणीत एक माणूस मोठा होतो आणि बाकीचे सगळे पुसले जातात, आणि जिझेलमध्ये बघणाऱ्यांचे चेहरेही गोष्ट सांगत असतात.

११. परीक्षणं दोन्ही प्रयोग होईपर्यंत उघडू नकोस. तुझा हात मध्यंतरात फोनकडे जातो हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते — दुसऱ्याचं मत एकदा वाचलं की डोळे तेच शोधत बसतात.

जाण्याआधी घरबसल्या सराव करायचा असेल तर सोय चांगली आहे. राइट यांच्या याच निर्मितीची तीन चित्रणं मिळतात: २००६चं अलिना कोजोकारू आणि योहान कोबोर्ग यांचं, २०१४चं नतालिया ओसिपोवा आणि कार्लोस अकोस्ता यांचं, आणि २०१६चं मारियानेला नुन्येझ आणि वादिम मुंतागिरोव यांचं. नेपथ्य तेच, संगीत तेच, माणसं वेगळी. इतका सरळ धडा दुसऱ्या कुठल्या बॅलेचा सहज मिळणार नाही.

१२. तिन्ही चित्रणं सलग बघू नकोस. एकच प्रसंग घे, पाच मिनिटांचा, आणि तो तिघींचा पाठोपाठ बघ — अख्खी संध्याकाळ तोलायला वर्षं लागतात, पाच मिनिटं तोलायला आजच जमतं.

१३. २००६च्या चित्रणात मिर्था कोण आहे ते बघ: नुन्येझ. दहा वर्षांनी तीच जिझेल झाली — जिने आधी राणी म्हणून दया नाकारली, ती पुढे त्याच रंगमंचावर दया मागते तेव्हा कसं मागते, हे बघण्यासारखं आहे.

१४. चित्रणाची आणि प्रत्यक्ष प्रयोगाची तुलना मात्र करू नकोस — चित्रणात कुठे बघायचं ते कॅमेरा ठरवतो, थिएटरात तू. शिवाय चित्रणात दमलेला श्वास आणि बुटांचा आवाज बराच हरवतो.

आता पहिला अंक. इथे माझा हात जरा सैल सुटणार आहे, कारण बहुतेक लोक दुसऱ्या अंकाची वाट बघत हा अंक घालवतात, आणि दोन जिझेल वेगळ्या होतात त्या इथेच.

१५. दारावर अल्ब्रेख्तची टकटक झाल्यावर जिझेल बाहेर येते आणि कोणी दिसत नाही म्हणून अंगणभर शोधते. ती धावते कशी ते बघ, नाच नंतर — एकीला तो सापडणार याची खात्री असते, दुसरीला नसते, आणि पुढचा सगळा अंक या फरकावर उभा राहतो.

१६. डेझीच्या फुलाचा प्रसंग डोळ्यात तेल घालून बघ. ती पाकळ्या खुडते, प्रेम आहे, नाही, आहे, नाही. मध्येच उरलेल्या पाकळ्यांवर तिची नजर जाते, शेवट 'नाही'वर येणार हे तिला कळतं आणि फूल हातातून पडतं. हे कळण्याचा क्षण प्रत्येकीचा वेगळा असतो: एखादी नजरेनेच पुढे मोजून थिजते, एखादी बोटांनी चाचपत शेवटपर्यंत आशा धरते — पुढे वेडाच्या प्रसंगात हेच फूल ती हवेत खुडते, आणि इथे पाहिलेलं तिथे लागतं.

१७. त्याच प्रसंगात अल्ब्रेख्तचा हात बघ. तो पडलेलं फूल उचलतो, तिच्या नकळत एक पाकळी काढून टाकतो आणि पुन्हा मोजून 'आहे'वर आणतो. काही जण हे सराईतपणे, हसत करतात. काही जण तिचा चेहरा उतरलेला सहन होत नाही म्हणून करतात — तो लबाड आहे की प्रेमात पडलेला आहे, याचं उत्तर त्या एका पाकळीत मिळतं, आणि दुसऱ्या अंकात त्याला माफ करायचं की नाही हे तू इथेच ठरवलेलं असतं.

१८. बेर्थ, म्हणजे जिझेलची आई, हातांनी विलींची गोष्ट सांगते तेव्हा कार्यक्रमपत्रिका चाळू नकोस. मुठी वळून मनगटं एकमेकांवर आली की मरण, डोक्यावर हात फिरले की नाच — पुष्कळ रशियन निर्मितींनी हा भाग गाळला होता, इथे तो जपलाय. आणि आईची भीती खरी वाटली तर दुसरा अंक सुरू होण्याआधीच अंगावर काटा येतो.

१९. बातिल्ड पाठमोरी असताना जिझेल तिच्या झग्याचं कापड हळूच हाताळते, तो क्षण टिपून ठेव — काहींच्या बोटांत लहान मुलीचं कुतूहल असतं, काहींच्या बोटांत आपल्याला हे कधी मिळणार नाही याची जाणीव. बातिल्ड वळून बघते ती कौतुकाने की कंटाळून, तेही संचागणिक बदलतं.

२०. जिझेलच्या एकट्या नाचात ती एका पायाच्या टोकावर उड्या घेत तिरक्या रेषेत पुढे येते. टाळ्या तिथे पडतात, तू मात्र तिची नजर बघ — ती आईकडे बघते, अल्ब्रेख्तकडे, की प्रेक्षकांकडे, यावरून ती कोणासाठी नाचतेय ते कळतं.

२१. उड्या आणि गिरक्या मोजू नकोस. स्वान लेकच्या बत्तीस फुएत्यांनी, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्यांनी, लोकांना ही सवय लावली — मोजणारा शेवटची गिरकी नीट संपली का ते बघतो, आणि ती सुरू का झाली हे त्याच्या हातून सुटतं.

२२. हिलारियनला खलनायक समजून सोडून देऊ नकोस. तो तलवारीवरचं आणि शिकारीच्या शिंगावरचं राजचिन्ह ताडून बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विजय आहे की दुःख — जळणारा हिलारियन आणि खरंच जीव लावणारा हिलारियन यांच्याबरोबर एकच जिझेल दोन वेगळी मरणं मरते.

२३. वेडाच्या प्रसंगाआधी दोन मिनिटं स्वस्थ बस, पाणी नको, खोकला आधीच उरकून घे — सुरुवात फार बारीक असते. आई तिच्यावर ओणवी होते, केस मोकळे होतात, ती उठते तेव्हा चेहरा बदललेला असतो.

२४. वेडात ती सुरुवातीच्या नाचाची पावलं पुन्हा करते, पण तुटक. आदामनेही आधीचे सूर तसेच तुकड्यांनी परत आणलेत. कोणतं पाऊल कुठे तुटतं ते दोन्ही वेळा बघ — जिला सगळं आठवतंय तिचं वेड एक आणि जिला काहीच जुळत नाही तिचं वेड वेगळं, आणि मला विचारशील तर पहिलं जास्त भयंकर.

२५. कोजोकारूचा हा प्रसंग बघितल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा बघू नकोस. ओरडा नाही, डोळे फिरवणं नाही, फक्त समोरचा माणूस ओळखीचा आहे का याचा शोध — वेड मोठ्या हावभावांत असतं असा आपला गैरसमज असतो, तो तिथे गळून पडतो.

२६. राइट यांच्या जिझेलमध्ये ती तलवारीने स्वतःला संपवते. इतर बऱ्याच निर्मितींत तिचं हृदय थांबतं. हे आधीच माहीत असू दे — तिला गावाच्या पवित्र दफनभूमीत जागा न मिळता रानात का पुरलं, याचं कारण यात आहे, आणि नर्तिका तलवार उचलते तेव्हा ती खेळते आहे की ठरवते आहे, इथेही दोघी वेगळ्या दिसतील.

२७. मध्यंतरात तीनच ओळी लिही: एक हातांबद्दल, एक नजरेबद्दल, एक ती कुठे थांबली त्याबद्दल — 'सुंदर', 'अप्रतिम' हे शब्द घरी आल्यावर वाचले तर काहीच आठवत नाही, पण 'फूल डाव्या हातातून पडलं' एवढं लिहिलेलं असलं तर अख्खा प्रसंग परत उभा राहतो.

२८. अंधारात लिहू नकोस आणि फोनच्या उजेडात तर नकोच — शेजारच्याचीही ती पहिली जिझेल असू शकते.

२९. पहिल्या अंकावरून जोडीचा निकाल लावू नकोस. घाईचा निकाल मध्यंतरापुरता — गावातली जिझेल आणि थडग्यातली जिझेल सारख्याच ताकदीने जमणं फार थोड्यांना साधतं, आणि पहिल्या अंकात फिकी वाटलेली मुलगी दुसऱ्यात थक्क करते.

दुसरा अंक.

३०. आधी मिर्था. रिकाम्या रंगमंचावर ती एकटी येते, टोकावर, इतक्या चिमुकल्या आणि जलद पावलांनी की पाय शिलाई मशीनच्या सुईसारखे चालतात आणि वरचं शरीर सुईखालून सरकणाऱ्या कापडासारखं सपाट पुढे जातं. खांदे हलतात का तेवढंच बघ — पाय कितीही चालोत, वर काही पोचलं नाही तरच ती भूत वाटते.

३१. मग मिर्थाच्या उड्या ऐक, हो, ऐक — एवढं लांब एकटीचं नाचणं, मोठ्या उड्या आणि श्वास घ्यायला जागा नाही. ज्या मिर्थाचं उतरणं ऐकू येत नाही तिचा दरारा शेवटपर्यंत टिकतो.

३२. विलींच्या दोन रांगा एका पायावर उड्या घेत एकमेकींतून पार होतात, तिथे नायिकेला विसर — हा समूह दोन्ही दिवशी बराचसा तोच असतो, आणि तरीही एका दिवशी रांग श्वास घेते तर दुसऱ्या दिवशी नुसती सरळ असते. ते बघायला शिकलीस की कंपनीची तब्येत कळते.

३३. थडग्यातून उठल्यावर जिझेलच्या पहिल्या गिरक्या वेगाच्या असतात. ओसिपोवाच्या बघ, वाऱ्याने कोणीतरी सोडून दिल्यासारख्या — तिथे वेग तिचा वाटायला नको, मिर्थाच्या हुकमाचा वाटायला हवा.

३४. जोडीच्या संथ नाचात व्हायोला एकट्याने वाजतो. संगीत किती संथ घेतलंय ते दोन्ही वेळा ध्यानात ठेव, आणि कंडक्टरचं नावही टिपून ठेव — तोल जास्त वेळ धरून दाखवता यावा म्हणून नर्तिका लय सैल मागते, आणि फार सैल झाली की सूर तुटतो. लयीचा दोष नाचाला आणि नाचाचा लयीला लावला जाऊ नये.

३५. अल्ब्रेख्त तिला डोक्यावर आडवी उचलतो तेव्हा त्याच्या गुडघ्यांकडे आणि तिच्या टाचांकडे बघ — उचलणं दोघांचं असतं. ती योग्य क्षणी स्वतः उडाली तर तो उचलताना दिसत नाही, आणि तरच ती वजन नसलेली वाटते. त्यामुळे एखादं उचलणं जड वाटलं तर ते एकट्या त्याच्या नावावर टाकू नकोस.

३६. मिर्था अल्ब्रेख्तला नाचवते तिथे काही जण जागच्या जागी सरळ उंच उडत पाय हवेत झटपट एकमेकांवर आपटतात, याला आंत्रशा म्हणतात. काही जण तिरक्या रेषेत ब्रिझे, म्हणजे पाय हवेत आपटत पुढे सरकणाऱ्या उड्या, घेत मिर्थाकडे ओढले जातात. कोणतं जास्त अवघड हा वाद घालू नकोस — पहिल्यात माणूस दमत जाताना दिसतो, दुसऱ्यात तो फरफटत जाताना. तुझ्या समोरच्या अल्ब्रेख्तला कोणतं सत्य सांगायचंय ते बघ.

३७. दमणं खरं आणि दमल्याचा अभिनय यांतला फरक खांद्यांत दिसतो — खरा दमलेला खांदे लपवतो.

३८. हिलारियनच्या मरणाला टाळ्या वाजल्या तरी तू थोडी थांब — त्याने पहिल्या अंकात काय केलं होतं ते आठवायची हीच जागा.

३९. घड्याळाचे ठोके पडून पहाट होते, जिझेल जाते, आणि अल्ब्रेख्त एकटा उरतो. पडदा पूर्ण पडेपर्यंत कोट घालायला उठू नकोस — त्याला कोणी माफ केलं हे त्याला कळलंय की नाही, हे या शेवटच्या मिनिटात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

आता दोन्ही प्रयोग पाहून झाले. खरी काळजी मला इथून पुढे वाटते, कारण बघताना माणूस उदार असतो आणि बोलताना कंजूष होतो.

४०. 'कोणती चांगली?' असं कोणी विचारलं तर 'कशात?' असं विचार — फुलाच्या प्रसंगात एक आणि थडग्यापाशी दुसरी, हे उत्तर अर्धवट नाही, तेच बहुतेक वेळा खरं असतं.

४१. शरीरावर बोलू नकोस: उंची, वजन, चेहरा. बोल ते रेषेवर, लयीवर, वेळेवर — शरीर तिने निवडलेलं नाही, पण हात कधी खाली आणायचा हे तिने निवडलेलं असतं.

४२. वयावरही नको. १९५६मध्ये बोल्शोई बॅले पहिल्यांदा लंडनला आली तेव्हा गालिना उलानोवा सेहेचाळीस वर्षांची होती आणि याच थिएटरात तिने जिझेल केली. २१ फेब्रुवारी १९६२ला मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह इथेच पहिल्यांदा एकत्र आले, तेही जिझेलमध्येच, ती बेचाळीसची आणि तो तेवीसचा — सोळा वर्षांची मुलगी कशी असते हे कधी कधी चाळिशीतल्या बाईला जास्त नेमकं ठाऊक असतं.

४३. कोण कुठे शिकलं ते वाच. कोबोर्ग डेन्मार्कचा, अकोस्ता हवानाचा, ओसिपोवा मॉस्कोची, नुन्येझ ब्युनॉस आयर्सची — डॅनिश शाळेत हात खाली शांत ठेवून पायांनी बोलायला शिकवतात, आणि हे माहीत नसेल तर त्या संयमाला तू उत्साहाचा अभाव म्हणशील.

४४. पत्रिकेत तालीम कोणी घेतली ते नावही वाच. लंडनमध्ये जिझेल १ जानेवारी १९३४ला विक-वेल्स कंपनीने, म्हणजे आजच्या रॉयल बॅलेच्या पहिल्या रूपाने, केली, अलिशिया मार्कोव्हाला घेऊन, आणि ती बसवली होती निकोलाय सर्गेयेव्ह यांनी रशियातून आणलेल्या नोंदवह्यांवरून — पावलं वहीत, प्राण तालमीत. दोन संचांत एखादी लकब तंतोतंत सारखी दिसली तर समज की ती शिकवणाऱ्याची आहे, आणि जिथे दोघी वेगळ्या आहेत तिथे त्या स्वतः आहेत.

४५. एखादी घसरली, तोल गेला, तर ते वहीत लिहूच नकोस. त्यानंतरच्या आठ मात्रांत तिने काय केलं ते लिही — घसरणं अपघात आहे, सावरणं स्वभाव आहे.

४६. ज्यांनी जुन्या जिझेल पाहिल्यात अशी माणसं मध्यंतरात भेटतील आणि आता तसं राहिलं नाही म्हणतील. वाद घालू नकोस, 'काय वेगळं होतं?' विचार आणि ऐक — अशा माणसांकडे वहीत नसलेल्या गोष्टी असतात, आणि विचारलं की ते आनंदाने देतात.

४७. फ्लोरल स्ट्रीटवरच्या स्टेज डोअरपाशी सही घ्यायला थांबलीस तर तिने काय केलं त्यातलं एक नेमकं सांग, फुलाचं किंवा झग्याचं, आणि दुसऱ्या संचाचं नाव काढू नकोस — दोन अंक नाचून आलेल्या माणसाला तुलना ऐकायला लावणं बरं नव्हे.

४८. दोन्ही दिवसांच्या पत्रिका तारीख घालून एकाच पाकिटात ठेव, मध्यंतरातल्या तीन ओळींसकट — आज विलींच्या मागच्या रांगेत छापलेलं एखादं नाव काही वर्षांनी सगळ्यांत वर येईल, आणि तेव्हा तुला ते पाकीट उघडायचं असेल.

४९. प्रयोगानंतर कॉव्हेंट गार्डन स्टेशनच्या लिफ्टपाशी गर्दीत उभी राहू नकोस, लेस्टर स्क्वेअरपर्यंत चालत जा — वाट थोडीच आहे, आणि तेवढ्यात व्हायोलाचा सूर डोक्यात नीट बसतो.

५०. घरी पोचलीस की लगेच मला फोन कर, आजीलाही लाईनवर घे, आणि सुरुवात मिर्थापासून कर — जिझेलबद्दल तू एकदा बोलायला लागलीस की मिर्थाचा नंबर लागत नाही, आणि मला तिचे खांदे हलले का ते आधी ऐकायचंय.

तुझी,
मावशी